बचत गटाचे कापडी अस्वल : शिवण आणि भरणीतच खरी मेख

दरवेशी गावात आला की पोरेटोरे त्याच्यामागे धावायची, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. अस्वलाचा केस ताइतात घालून पोराच्या गळ्यात बांधला की पोर भीत नाही, असा समज होता. पुढे अस्वल नाचवणे कायद्याने बंद झाले, आणि ते बरेच झाले. आता गावातल्या पोराला अस्वल माहीत असते ते केसाळ कापडाचे, काळ्या मण्याच्या डोळ्यांचे, तालुक्याच्या दुकानात प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगलेले. त्याला सगळे ‘टेडी’ म्हणतात.

शेतीच्या पानावर टेडीचे काय काम, असे आपण विचाराल. काम आहे. शेळ्या झाल्या, पापड-लोणची झाली, मसाले झाले; आता बऱ्याच गावांत महिला बचत गटांना मऊ खेळणी बनवण्याचे प्रशिक्षण मिळते. स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमधून ते फुकट मिळते. शिलाई मशीन घरात आहे, उन्हाळ्यात शेतात काम कमी असते, कापूस तर आपलाच. सगळे जुळून येते. प्रशिक्षण संपते, प्रमाणपत्रे वाटली जातात, पाहुण्यांबरोबर फोटो निघतो. आणि सहा महिन्यांनी जाऊन बघावे तर कुणाच्या तरी माळ्यावर पोट फुटलेल्या, मान टाकलेल्या अस्वलांचा ढीग! विचारले तर उत्तर ठरलेले: “साहेब, बाजारच नाही.”

बाजार नाही हे अर्धेच खरे. मला जे दिसते ते असे, की पहिली विक्री होते. ओळखीपाळखीने, कौतुकाने लोक घेतात. दुसरी विक्री होत नाही, कारण पहिले अस्वल आठ दिवसांत उसवलेले असते. गिऱ्हाईक कापड बघून घेते, पण खेळणे टिकते ते शिवणीवर आणि आतल्या भरणीवर. या दोन गोष्टी प्रशिक्षणात घाईत उरकल्या जातात आणि नाक-डोळे-रिबिनीवर वेळ जातो. म्हणून आज याच दोन गोष्टींवर सविस्तर लिहितो. घरातल्या ताई-माईंना हे वाचून दाखवा.

त्याआधी थोडी माहिती. हे खेळणे मुळात कारखान्याचे नाही, सुई-दोऱ्याचे आहे. जर्मनीत गिंगेन नावाच्या छोट्या गावात मार्गारेट श्टाइफ नावाची शिवणकाम करणारी बाई होती. लहानपणीच्या पोलिओने तिचे पाय अधू झाले होते, उजवा हातही धड चालत नव्हता. १८८० साली तिने टाचण्या-सुया खोचून ठेवायला नमद्याचा एक छोटा हत्ती शिवला. सुया राहिल्या बाजूला, गावातली मुले त्याच्याशी खेळू लागली. त्यातून तिचा धंदा उभा राहिला. १९०२ मध्ये तिचा पुतण्या रिचर्ड याने हात-पाय हलणारे अस्वल आखले आणि १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने एकदम ३००० अस्वलांची मागणी नोंदवली. तिकडे अमेरिकेतही १९०२ सालीच अध्यक्ष रूझवेल्ट यांनी शिकारीत झाडाला बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला. त्यावर वर्तमानपत्रात व्यंगचित्र आले. ते बघून न्यूयॉर्कमधल्या एका दुकानदार जोडप्याने कापडी अस्वल शिवून दुकानात ठेवले, आणि रूझवेल्ट यांच्या ‘टेडी’ या लाडक्या नावावरून त्याला नाव मिळाले. त्या काळची अस्वले मोहेर म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांच्या कापडाची असत आणि आत लाकडाचा बारीक, सुतासारखा कीस ठासलेला असे. त्यातली काही शंभर वर्षांनंतरही शाबूत आहेत. टिकण्याचे कारण एकच: टीप बारीक आणि भरण घट्ट.

कापडाची लव आणि माया

फरचे कापड घेतले तर आधी त्यावर हात फिरवा. एका दिशेने हात गुळगुळीत जातो, उलटा फिरवला की केस उभे राहतात, मांजराच्या पाठीसारखे. ही कापडाची लव. अस्वलाच्या अंगावर लव वरून खाली आली पाहिजे. कापडाच्या मागच्या बाजूला खडूने बाण काढून ठेवा आणि प्रत्येक साचा त्या बाणाला धरून मांडा. कापड वाचवायला म्हणून साचे आडवे-तिडवे मांडले, की एक हात चकचकीत आणि दुसरा मळका दिसतो. गिऱ्हाइकाला कारण कळत नाही, पण ते अस्वल हातात घेऊन परत ठेवते.

साध्या अस्वलाच्या डोक्याला तीन तुकडे लागतात: दोन बाजूंचे दोन, आणि नाकापासून मानेपर्यंत जाणारी मधली पट्टी. या पट्टीनेच तोंडाला उठाव येतो. कानाला चार तुकडे, शिवाय पोट-पाठ, हात, पाय, तळवे. डाव्या-उजव्याचे भान ठेवा. एकदा साचा सरळ ठेवून आखा, दुसऱ्या वेळी उलटा पालथा करून. नाहीतर दोन्ही हात डावेच निघतात, आणि हे नवशिक्यांच्या बाबतीत हटकून होते. फर कापताना कात्रीचे फक्त टोक चालवा, मागचे कापड तेवढे कापा, केस कापू नका. केस शाबूत राहिले तरच शिवण त्याखाली झाकली जाते.

साधे सुती कापड घेणार असाल, म्हणजे मांजरपाट किंवा खादी, तर ते आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. नवे सुती कापड पाण्याने आटते. रंगीत असेल तर पांढरी चिंधी ओली करून त्यावर जोरात घासा. चिंधीला रंग लागला तर ते कापड खेळण्याला नको. तान्हे मूल अस्वलाचा कान आधी तोंडात घालते, हे सांगायला नको.

आता शिवण. शिवणकामात आपण ‘माया’ ठेवतो ती इथे पाऊण सेंटिमीटर ठेवा. पोलक्याला माया ठेवतात ती पुढे उसवून सैल करता यावे म्हणून. अस्वलाला ठेवायची ती ताण सोसायला. धान्य भरलेल्या पोत्याची गोष्ट डोळ्यांपुढे आणा. आतला माल चारही बाजूंनी शिवणीला रेटत असतो. हमालाने पोते आपटले की टाका लांब आणि काठ अरुंद असतो तिथेच ते फाटते. अस्वलाचेही तसेच. फरक एवढाच, की पोते दोन-चारदा आपटते आणि अस्वल रोज.

मशीनवर टाका बारीक ठेवा, दोन-अडीच मिलिमीटरचा. जाड फरला १६ नंबरची सुई लागते. बारीक सुई तुटते आणि तिचा तुकडा आतच राहतो. दोरा पॉलिस्टरचा घ्या. साधा सुती रीळ स्वस्त पडतो, पण ओढ बसली की तटकन तुटतो. शिवण्याआधी दोन तुकडे हाताने धावदोऱ्याने टाचून घ्या. फर मशीनखाली सरकते आणि शेवटी एक तुकडा बोटभर लांब उरतो, तो यामुळेच. टाचताना कडेचे केस सुईच्या मागच्या टोकाने आत ढकलत चला.

मान, काखा आणि दोन पायांची बेचकी या ठिकाणी दुहेरी टीप मारा. उसवलेली अस्वले मी पाहिली ती बहुतेक इथेच. ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांनी हाताने उलटी टीप घालावी. गोधडीचा धावदोरा सुरेख दिसतो, पण तो इथे चालत नाही, कारण एक टाका तुटला की सगळी ओळ सुटत जाते. उलटी टीप मागे जाऊन पुढे येते, त्यामुळे तुटली तरी तिथल्या तिथे थांबते.

उलटवण्याआधी गोलाईच्या जागी मायेला कात्रीच्या टोकाने खाचा द्या, टिपेपासून दोन मिलिमीटर दूर थांबून. खाचा दिल्या नाहीत तर कान आणि नाक चुरगळल्यासारखे दिसतात. भरणीसाठी तोंड ठेवायचे ते पाठीच्या सरळ शिवणीत, सहा-सात सेंटिमीटर. गोलाईत तोंड ठेवले तर बंद करताना पाठीला कुबड येते. तोंडाच्या दोन्ही टोकांना टीप पुढे-मागे करून पक्की करा, कारण भरताना सगळा ताण तिथेच बसतो. उलटवून झाल्यावर शिवणीत अडकलेले केस सुईने बाहेर ओढून काढा. दहा मिनिटांचे काम आहे, पण शिवण दिसेनाशी होते.

आत काय भरायचे?

या विषयावर गावोगाव मला फार तऱ्हा दिसल्या, म्हणून थोडे थांबून सांगतो.

सर्वांत आधी काय भरू नये ते. धान्य भरू नका. बाजरी, तांदूळ, साळीचा भुसा भरल्यावर अस्वल वजनदार आणि छान बसके होते खरे, पण दोन महिन्यांत आत सोंडे होतात, आणि घरात उंदीर असेल तर पहिल्याच रात्री पोट फाडतो. लाकडाचा भुसा ओल धरतो. जुन्या कपड्यांच्या चिंध्या घरच्या बाहुलीला ठीक. आपल्या आज्यांनी त्याच भरल्या. पण विकायच्या खेळण्यात अंगावरून उतरलेले कापड घालू नये. थर्माकोलचे मणी तर नकोच. शिवण उसवली की ते मुलाच्या नाकात जातात.

आता कापूस. आपण कापूसवाले, त्यामुळे घरचाच कापूस हाताने सोलून भरायचा मोह होतो. तसे करू नका. सरकी हाताने पूर्ण निघत नाही, आणि शेंदरी बोंडअळीची अळी सरकीत दडून बसते, ती दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत सुप्तावस्थेत राहते, हे आपल्याला शिवारात दाखवलेले आहे. तीच अळी अस्वलाच्या पोटात कशाला नेऊन ठेवायची? पिवळी पडलेली कवडी तर अजिबात नको. जिनिंगमधून आलेली स्वच्छ रुई घ्या आणि गादीवाल्याकडून पिंजून घ्या. शंभर किलो कापसाला साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, हा हिशेब तुम्हाला पाठ आहे. गटाने दोन-चार किलो रुई थेट विकत घेतलेली परवडते.

कापसाची भरण गार असते, हाताला बरी लागते, वजनही अंगाशी येते. दोष दोन. दाबाने तो बसतो, गादी बसते तसा, आणि पुन्हा फुगत नाही. दुसरे म्हणजे पाणी धरतो. कापूस भरलेले अस्वल धुतले तर वरून वाळते आणि आत तीन-चार दिवस ओले राहते, गोळे होतात, बुरशीचा वास येतो. म्हणून कापसाच्या अस्वलाला ‘ओल्या फडक्याने पुसा, पाण्यात बुडवू नका’ अशी चिठ्ठी शिवलीच पाहिजे.

काही भागांत सावरीचा कापूस मिळतो. उन्हाळ्यात सावरीची बोंडे उकलतात आणि रेशमासारखा कापूस उडत सुटतो. याच्या उशा पूर्वापार आहेत. हा तंतू आतून पोकळ, म्हणून अतिशय हलका, आणि पाणी लवकर धरत नाही. बाहेरच्या देशांतही जुन्या अस्वलांत असा कापूस भरत असत. पण तो भुर्रकन पेट घेतो. आणि भरताना त्याची धूळ नाका-घशात जाते, तेव्हा तोंडाला फडके बांधल्याशिवाय बसू नका. घरच्या उशीला उत्तम. लहान मुलाच्या खेळण्यासाठी मी त्याची शिफारस करणार नाही.

मेंढीच्या लोकरीबद्दल धनगर बांधव विचारतात. दख्खनी मेंढीची लोकर राठ, तिला भाव मिळत नाही, मग ती यात का घालू नये? घालता येते, पण कोमट पाण्यात साबणाने दोन-तीनदा धुऊन चिकटा काढला पाहिजे, उन्हात खडखडीत वाळवून पिंजली पाहिजे. एवढे करूनही कसर लागण्याची धास्ती राहते, आणि सुती कापडातून तिचे राठ केस बाहेर टोचतात. मोठ्या माणसांसाठी शोभेच्या वस्तूत वापरा.

राहिला पॉलिस्टरचा पांढरा तंतू. बाजारात त्याला ‘रेक्रॉन’ किंवा नुसते ‘फायबर’ म्हणतात. कापूसवाल्याच्या तोंडी हे बरे दिसत नाही, पण स्पष्टच सांगतो: फरच्या अस्वलाला हाच भरावा. दाबला की परत उठतो, धुता येतो, कीड लागत नाही. मात्र नवा आणि स्वच्छ घ्या. कारखान्याच्या कचऱ्यातला रंगीबेरंगी मिसळलेला तंतू किलोमागे स्वस्त मिळतो, त्यात काय काय असते ते न पाहिलेले बरे. सुती कापडाचे अस्वल आणि आत आपली रुई, हा वेगळा माल म्हणून वेगळ्या गिऱ्हाइकाला विका. शहरात त्याला मागणारे आहेत. दोन्हींची सरमिसळ करू नका.

भरण्याचा हात

तंतू पिशवीतून काढला तसा भरायचा नसतो. मूठभर घ्या, दोन्ही हातांनी विंचरल्यासारखा मोकळा करा, आणि मग आत घाला. मोठा गोळा कोंबला की तो आत गोळाच राहतो, आणि दोन गोळ्यांच्या मध्ये पोकळी. बाहेरून हात फिरवला की उकडलेले बटाटे भरल्यासारखे लागते. बारीक बारीक घास भरत जा, पोराला भरवतो तसे.

ढकलायला बांबूची बोटभर जाड काडी घ्या, टोक दगडावर घासून गोल करा. लाटण्याची मूठही चालते. कात्री किंवा स्क्रू-ड्रायव्हरने ढकलणाऱ्या ताई मी पाहिल्या आहेत. त्याने आतून टीप तुटते आणि ते आठ दिवसांनी कळते.

सुरुवात लांबच्या टोकापासून. आधी नाक. नाक दगडासारखे घट्ट भरा, कारण पुढे त्यावर भरतकाम करायचे आहे आणि सैल नाकावर टाके आत ओढले जातात. मग गाल, कपाळ, डोक्याचा मागचा भाग. मग पंजे आणि तळवे. त्यानंतर हात-पाय, खांद्याजवळ आणि मांडीजवळ थोडे सैल सोडा, म्हणजे ते हलतात आणि अस्वल बसते. पोट सगळ्यांत शेवटी, तेही आधी कडेकडेने भिंत लिंपल्यासारखे आणि मग मध्ये.

मानेकडे नीट लक्ष द्या. बहुतेक अस्वले मान टाकतात, कारण डोके भरले आणि पोट भरले, पण दोन्हींच्या मधला जोड पोकळ राहिला. डोके भरून झाल्यावर मानेत काडीने आणखी दोन-तीन मुठी तंतू उभा बसवा, असा की त्याचा निम्मा भाग डोक्यात आणि निम्मा छातीत राहील. कंबरेला धरून अस्वल हलवून बघा. डोके डुगडुगले तर अजून भरा.

फूटभर उंचीच्या अस्वलाला घट्ट भरणीसाठी साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम तंतू लागतो. कापडाच्या ताणाप्रमाणे थोडे कमी-जास्त. दहा अस्वलांचा तंतू आधी तोलून दहा ढीग करून ठेवा. नाहीतर पहिली चार गुबगुबीत आणि शेवटची तीन दुष्काळातली, असे होते.

भरून झाल्यावर लगेच तोंड शिवू नका. रात्रभर तसेच ठेवा. सकाळी भरण थोडी बसलेली असते, तेव्हा आणखी एक-दोन मुठी घाला. मग दुहेरी दोरा घेऊन, दोन्ही कडा आत दुमडून, एकदा या घडीतून आणि एकदा त्या घडीतून आडवी सुई घालत या. चार-पाच टाके सैल घालायचे आणि मग दोरा ओढायचा. दोन्ही ओठ मिटल्यासारखे तोंड बंद होते, टाका दिसत नाही. शेवटी दोन गाठी मारून सुई अंगातून दूरवर काढा आणि तिथे दोरा कापा, म्हणजे शेपूट आत जाते.

डोळे, आणि सुयांचा हिशेब

बटण किंवा मणी शिवून डोळे करायची आपली पद्धत सोडून द्या. तीन वर्षांखालचे मूल ते दाताने तोडते आणि गिळते. घशात अडकले तर दवाखाना गाठायला वेळ मिळत नाही. खेळण्यांच्या तपासणीत एक नळी वापरतात, ३१.७ मिलिमीटर व्यासाची. खेळण्यापासून सुटलेला जो तुकडा त्या नळीत पूर्ण मावतो, तो लहान मुलाला धोक्याचा मानतात. आपले प्रत्येक बटण त्यात मावते. म्हणून डोळे आणि नाक काळ्या दोऱ्याने भरून काढा. भरलेल्या डोळ्यांना चमक नसते, हे खरे. पण एक पांढरा टाका कोपऱ्यात घातला की जीव येतो. मोठ्या मुलांसाठी मागून चकतीने अडकणारे प्लॅस्टिकचे डोळे मिळतात, ते डोके भरण्याआधी बसवावे लागतात. गळ्यात लांब रिबीन, घुंगरू, टिकल्या नकोत.

आणखी एक शिस्त. कामाला बसताना प्रत्येकीला मोजून टाचण्या-सुया द्या, वहीत आकडा लिहा, उठताना मोजून परत घ्या. एक कमी भरली तर सापडेपर्यंत त्या दिवसाचा माल हलवायचा नाही. मशीनची सुई तुटली तर सगळे तुकडे जुळवून बघा. भरलेल्या अस्वलात टाचणी शोधणे किती अवघड, हे ज्यांनी शोधली त्यांना विचारा. तयार अस्वलांपैकी एखादे मधूनच उचला, त्याच्या हाताला-पायाला ताणकाटा अडकवून सात-आठ किलोची ओढ द्या. ही आपली घरची परीक्षा. त्यात टीप ओरडली तर त्या दिवसाची सगळी अस्वले तपासा.

कायदा माहीत असू द्या

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा. केंद्र सरकारने २०२० साली खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश काढला आणि तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले. मऊ खेळणीही त्यात येतात. आकार, सुटे भाग, पेट घेण्याचा वेग, रंगातील घातक धातू, अशा तपासण्या त्यात आहेत. त्याच २०२० मध्ये खेळण्यांवरचे आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेले. परदेशी स्वस्त मालाला त्यामुळे लगाम बसला आणि देशी कारागिराला जागा झाली.

पण गटांना वाटते की हाताने बनवले म्हणजे आपल्याला कायदा लागू नाही. तसे नाही. सूट आहे ती केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या मालाला. बचत गट म्हणून नोंदणी असणे आणि कारागीर म्हणून नोंदणी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बनवणाऱ्या प्रत्येक ताईने कारागिराचे ओळखपत्र, ज्याला ‘पहचान’ कार्ड म्हणतात, त्यासाठी अर्ज करावा. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी प्रमाणपत्राबरोबर हा अर्ज भरून घेतला, तर पुढची धावपळ वाचेल. आमच्यासारख्या खात्यांच्या माणसांनी हे करून घ्यायला हवे. ते फार थोड्या ठिकाणी होते.

ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. त्यातून अंगणवाडीला खेळणी घेतली जातात, बहुतेक वेळा तालुक्याच्या दुकानातून. गावातल्या नोंदणीकृत कारागिरांकडून भरलेल्या डोळ्यांची, धुता येणारी अस्वले घ्यायला काय हरकत आहे? नमुना आधी मागवा, वर सांगितल्याप्रमाणे ओढून बघा, आणि मगच घ्या. गावचे म्हणून सैल माल पदरात घेऊ नका.

किंमत कशी काढाल?

इथे बायका स्वतःलाच फसवतात. समजा कापड, तंतू, दोरा मिळून ९० रुपये लागले, पिशवी, वाहतूक आणि वाया गेलेला माल धरून आणखी २०. कापण्यापासून तोंड शिवण्यापर्यंत तीन तास गेले. तालुक्याच्या दुकानात तसेच अस्वल १५० ला मिळते म्हणून आपणही १५० ला विकले. हातात राहिले ४० रुपये, म्हणजे तासाला जेमतेम तेरा रुपये. खुरपायला गेलेली बाई याच्याहून जास्त आणते. मग गट तोट्याची भरपाई कशातून करतो? तंतू कमी भरून आणि टाका लांब घालून. तिथूनच पोट फुटायला सुरुवात होते.

तासाला ४० रुपये मजुरी धरली तर हेच अस्वल २३० च्या खाली विकता येत नाही. २३० ला तालुक्यात गिऱ्हाईक नसेल, तर तिथे विकू नका. जिल्ह्याची प्रदर्शने आहेत, मुंबईचे महालक्ष्मी सरस आहे, शहरातल्या बालवाड्या आहेत. तिथे सुती कापडाचे, रुई भरलेले, भरतकामाच्या डोळ्यांचे अस्वल वेगळे उठून दिसते. फरच्या अस्वलाने कारखान्याशी टक्कर घेण्यात अर्थ नाही. वेळ वाचवायचा तर कामे वाटून घ्या. एकीने फक्त कापावे, दोघींनी शिवावे, जिचा हात भरायला चांगला तिने भरावे. आठ दिवसांत हात बसतो आणि तीन तासांचे दोन-सव्वादोन होतात. मात्र प्रत्येक अस्वल कोणी शिवले आणि कोणी भरले हे चिठ्ठीवर व वहीत लिहून ठेवा, म्हणजे तक्रार आली तर कुठे चुकते ते कळेल.

माल जमवून ठेवू नका. मृगाच्या आत विकला गेला नाही, तर अस्वले खताच्या गोणीत कोंबू नका. सुती पिशवीत, जमिनीपासून हातभर उंच फळीवर, भिंतीला न टेकवता ठेवा. पावसाळ्यात उघडीप मिळेल त्या दिवशी उन्हात काढा. आत ओल धरली की नाही ते हाताला कळत नाही, नाकाला कळते. कोंदट वास येत असलेले अस्वल उसवून भरण काढून टाका, कापड धुऊन वाळवा आणि नव्याने भरा.